बांधावरचा बोअर

खारात ट्रायपॉड उभा राहत नाही. पेणच्या बाजूला माती तपासायचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत होती, आणि म्हणूनच ती कोणी कधी कागदावर लिहिली नाही. ट्रायपॉड म्हणजे तीन लोखंडी पायांचा उंच सांगाडा. त्याच्या माथ्यावरच्या कप्पीतून दोर सोडायचा, दोराला हातोडा बांधायचा, आणि तो वर ओढून खाली आपटत जमिनीत नळी ठोकायची; यालाच आम्ही बोअर मारणं म्हणतो. नळी ठरलेलं अंतर खाली जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. जास्त ठोके लागले तर जमीन कडक, कमी लागले तर मऊ. आमच्या शास्त्राची मूळ गोष्ट एवढीच आहे, बाकीची समीकरणं तिच्यावर मागाहून चढवलेली.

खाडीलगतच्या काळ्या, चिकट जमिनीला आमच्याकडे खार म्हणतात. तिच्यात माणूस पोटरीपर्यंत जातो, मग लोखंडाची काय कथा. ट्रायपॉडचे पाय एकदा रुतले की ते उपसण्यात दिवस जातो आणि जवळच्या सगळ्या शिव्या संपतात. म्हणून आमचे बोअरवाले जागेच्या जवळात जवळ जो बांध असेल त्यावर ट्रायपॉड उभा करत. खारात बांध असतातच. शेताभोवती, मिठागराभोवती, खाडीच्या कडेने. ते जुने, गुरामाणसांच्या पायांनी तुडवलेले, वर्षावर्षाला नवी माती चढवलेले. त्यांच्या वजनाने खालचा चिखलसुद्धा दबून दबून घट्ट झालेला असतो. तिथे बोअर मारायचा आणि अहवालात 'नियोजित जागी' असं लिहायचं, अशी रीत पडून गेली होती.

यात कोणाला फसवायचा हेतू नव्हता. अहवाल शेवटी आमच्या साहेबांच्या टेबलावर यायचा. साहेब आकडे पाहायच्या आधी गावाचं नाव पाहत. नाव खारातलं असलं की चष्मा काढून ठेवत आणि म्हणत, "निम्मं करा." जमीन जेवढं वजन पेलेल असं आकडे सांगत, त्याच्या निम्मंच धरायचं. हा सल्ला ते तोंडी देत, बहुतेकदा ज्यांचं बांधकाम असेल त्यांना समोर बसवून, चहा घेता घेता. अहवालाच्या मागच्या तक्त्यांत मात्र आकडे ठोक्यांचेच राहत. अशा रीतीने चुकीच्या जागेच्या बोअरवर बरोबर पाया उभा राहायचा. पेण-रोह्याच्या पट्ट्यातल्या कितीतरी इमारती साहेबांच्या त्या दोन शब्दांवर उभ्या होत्या.

मी त्यांच्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागले. घर रोह्याला, ऑफिस पेणला. सकाळी एसटी धरायची, नागोठणं, गडब करत उतरायचं. आमचं ऑफिस गणपतीच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली मातीला हातपाय, सोंड, डोळे फुटत, आणि वर आम्ही माती पिळून, दाबून, भट्टीत वाळवून तिचा जीव घेत असू. खालचे कारागीर मला म्हणायचे, ताई, तुमच्याकडे गेलेली माती परत काही कामाची राहत नाही. खरंच होतं ते.

माझा स्वभाव मुळात तापट. एसटीत उभं राहून यावं लागलं की दिवसभर त्याचा राग मातीच्या नमुन्यांवर निघायचा, आणि आमच्या चाचण्याच अशा होत्या की ते खपून जायचं. लोक यायचे आणि माझ्याकडे पाहून विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायची, साहेब बाहेर गेलेत, मी इंजिनिअर आहे, बसा. तरी ते साहेब येईपर्यंत बसून राहायचे. पुढे पुढे मी चहा सांगणं बंद केलं, तेव्हा ते बसणं जरा कमी झालं.

त्या दशकाच्या मध्यावर साहेबांचे डोळे अधू होऊ लागले. मोतीबिंदू होता, पण त्यांना खरी काळजी वेगळीच होती. मुलगा परदेशी गेला होता आणि त्याला मातीत रस नव्हता. "मी गेल्यावर ही जमीन वाचणार कोण?" असं ते अधूनमधून म्हणायचे. मी समोर बसलेली असताना म्हणायचे, म्हणून मला ते फार लागायचं.

अशा वेळी तो प्राध्यापक आला. एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा, माझ्याहून थोडाच मोठा, बोलताना हात फार हलवणारा. जमिनीचे आकडे दिले की पाया कोणता घ्यावा आणि तो किती खचेल हे सांगणारा प्रोग्रॅम तो तयार करत होता. 'न्यूरल नेटवर्क' हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत यायला अजून पुष्कळ अवकाश होता. त्याने समजावलं ते असं: याला नियम सांगायचे नाहीत, नुसती उदाहरणं दाखवत जायची. लहान मुलाला चारदा मांजर दाखवलं की पाचव्यांदा ते आपणहून मांजर ओळखतं, तसंच हे. त्याला हवे होते ते आमचे जुने अहवाल, सगळेच्या सगळे.

साहेब असे खूश झाले की मी त्यांना तसं आधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं कोणीतरी लोणचं घालून ठेवणार होतं. कपाटं उघडली. प्राध्यापकाचे विद्यार्थी सुट्टीत येऊन अहवालांतले आकडे भरत बसले. नमुन्यांच्या पेट्या जिन्यात गेल्या आणि त्यांच्या जागी काँप्युटर आला. त्याला प्लास्टिकचं झाकण होतं, त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि वीज गेली की सगळे त्याच्याभोवती आजाऱ्याभोवती जमावं तसे जमत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. हा सगळं सांगणार असेल तर मी कशाला, असं मी आईजवळ बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, त्याला एसटीचा प्रवास जमेल का विचार.

पण खोटं का बोलू, त्या प्रोग्रॅमने मला जिंकलं. रोह्याजवळ एका गोदामाचं काम होतं. साहेबांनी हाताने हिशेब करून पाया सांगितला आणि यंत्राने त्याहून रुंद पाया सांगितला. साहेबांनी पुन्हा हिशेब तपासला, तर जमिनीतल्या पाण्याची पातळी त्यांनी चुकून उन्हाळ्यातली धरली होती. पावसाळ्यात पाणी वर येतं तेव्हा तो पाया अपुरा पडला असता. साहेब मोठ्याने हसले आणि खालून पेढे मागवले. रोह्याकडच्या मुरमाच्या, नदीकाठच्या गोट्यांच्या जमिनीत त्याचं उत्तर पुढेही चुकलेलं मला आठवत नाही. माणसाला त्याची चूक दाखवायची आणि वर टोमणा मारायचा नाही, हा त्याचा गुण मला फार आवडला. मला तो कधी साधला नाही.

मग टाकीचं काम आलं.

पेणच्या पश्चिमेला खारात एक गाव आहे. तिथे पाण्याची नळयोजना होती, पण गाव लाइनीच्या शेवटच्या टोकाला. उन्हाळ्यात नळाला फक्त हवा यायची. बायका बांधावरून चालत मुख्य रस्त्यापर्यंत जात आणि मोठ्या पाइपाच्या गळक्या व्हॉल्वखाली भांडी लावून बसत. उंचावर टाकी झाली, तर रात्रभर हळूहळू येणारं पाणी तिच्यात साठून सकाळी घरोघर जाणार होतं. टाकीसाठी गावाने मिठागराची एक पडीक जागा दिली होती. तिथल्या जमिनीचा अहवाल आम्ही द्यायचा होता.

त्या गावची सरपंच एक बाई होती. पन्नाशीची, मिठागरात काम करून टाचांना भेगा पडलेली. बायकांसाठी जागा राखीव झाल्यावर निवडून आली, तेव्हा नवऱ्यानेच कारभार पाहायचा असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पहिल्याच सभेत तिने नवऱ्याला दारातून घरी पाठवलं, अशी गोष्ट पेणपर्यंत पोचली होती. ऑफिसात ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या एका हातात सुक्या जवळ्याचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा, झाकणाचा पिवळा कॅन. जवळा तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि निघताना खालच्या कारखान्याच्या नळावर कॅन भरून घेतला. उन्हाळ्यात त्या गावची बाई कुठेही जायला निघाली, लग्नाला, दवाखान्यात, तालुक्याला, की हातात कॅन असायचाच. पेणचे लोक त्यावरून हसत. साहेब कुठे आहेत, असं मात्र तिने एकदाही विचारलं नाही. माझ्यासमोर बसली आणि थेट कामाचं बोलली.

तिचं म्हणणं सरळ होतं. टाकीला मंजुरी मिळाली होती ती साध्या पायाची. साधा म्हणजे राफ्ट, टाकीखाली एकच जाड, सलग काँक्रीटचा थर. तो चालत असेल तर लगेच काम सुरू होऊन उन्हाळ्याच्या आत पाणी मिळालं असतं. पण जमीन मऊ निघाली आणि खोल खांब, म्हणजे पाइल, घ्यावे लागले, तर सगळा प्रस्ताव माघारी जाणार, नव्याने मंजुरी लागणार, तोवर पावसाळा येणार, आणि पावसाळ्यात खारात काम होत नाही. गावाने मतं दिली ती याच टाकीसाठी, आणि ती उभी राहिली नाही तर बाईने काय केलं असं म्हणायला सगळे टपून बसले होते. हे तिने रडगाणं न गाता सांगितलं.

बोअर झाला. अर्थातच बांधावर. आकडे काँप्युटरमध्ये गेले आणि उत्तर आलं: राफ्ट चालेल, खचणं नगण्य. मला इतका आनंद झाला की छापलेला कागद घेऊन मी पायीच साहेबांच्या घरी गेले. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हिरव्या कापडाची झापड लावून ते आरामखुर्चीत बसले होते. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

"सही तू कर," ते म्हणाले. "आता निम्मं करायचं कारण नाही. माझी सगळी वर्षं त्यात गेलीत."

सही तू कर, हे ते मला पहिल्यांदाच म्हणत होते. मी जवळजवळ उडतच परत आले. ऑफिसात बाकावर सरपंचबाई वाट पाहत बसल्या होत्या, कॅन पायाशी. प्राध्यापकही त्या दिवशी आलेला होता. मी पेनचं टोपण काढलं. मनातून इतकी खूश होते की त्याला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, खाराचं निम्मं तुम्ही आधीच आत घालून ठेवलंत.

तो म्हणाला, "कशाचं निम्मं, मॅडम?"

पेन तसंच हातात धरून मी त्याला बांधाची गोष्ट सांगितली, ट्रायपॉडची, चहाची, साहेबांच्या दोन शब्दांची. त्याचे हलणारे हात हळूहळू थांबले. त्याने तक्ते घेतले होते. तक्त्यांत निम्मं कुठेच नव्हतं. जिथे जिथे खारातल्या गावाचं नाव होतं, तिथे तिथे यंत्राने बांधाची माती पाहिली होती आणि खार म्हणजे अशीच घट्ट जमीन असते असं ते शिकलं होतं. साहेबांना वाटत होतं निम्मं यंत्र करतंय. प्राध्यापकाला निम्म्याचा पत्ताच नव्हता. यंत्राला जे दाखवलं त्याचं उत्तर त्याने चोख दिलं होतं.

मला सगळ्यांचा राग आला, आणि राग धरावा असं एकही माणूस समोर नव्हतं, हे त्याहून वाईट. प्राध्यापकाने काही लपवलं नव्हतं. साहेबांनी कधी कोणाचं वाईट केलं नव्हतं. बोअरवाले जे वर्षानुवर्षं करत आले तेच करत होते. प्रत्येकजण आपापल्या जागी सरळ होता आणि तरी एका गावाच्या डोक्यावर पाण्याने भरलेली टाकी कलणार होती. फक्त माझी सही व्हायची बाकी होती.

मी टोपण परत लावलं आणि सरपंचबाईंना सांगितलं की आज सही होत नाही, टाकीच्याच जागेवर नवा बोअर मारायला लागेल.

"मग आधीचा कुठं मारला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, बांधावर.

"टाकी बांधावर बांधायची हाय काय?"

त्यांनी कॅन उचलला आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवशी त्यांनी तो खाली भरून घेतला की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळी मी पुन्हा साहेबांकडे गेले. सांगताना मला वाटत होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. बराच वेळ झापडीची कड चाचपत बसले. मी विचारलं, हे तुम्ही कधी लिहिलं का नाहीत? ते म्हणाले, लिहिलं असतं तर बोअर भलत्या जागी मारलाय हेही लिहावं लागलं असतं, मग ते अहवाल कोणी घेतले असते? मी होतोच ना सांगायला. मग म्हणाले, "मला वाटलं माझं डोकं त्यात गेलं. गेले ते नुसते आकडे."

मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांना असं लहान झालेलं मी पाहिलं नव्हतं. बाहेर पडताना त्यांच्या पाया पडले. तशी आमच्यात पद्धत नव्हती, पण पडले.

खारातला बोअर मारायला गाव कामाला लागलं. मिठागरातल्या जुन्या फळ्या, रिकामी पिंपं, बांबू असं सगळं बांधून चिखलावर एक मचाण अंथरलं. आमचे बोअरवाले कुरकुरत होते, हे काम आमचं नाय, आमी कोळी हाय काय म्हणत होते. प्राध्यापक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आला होता. पहिल्याच पावलाला त्याचा बूट चिखलात राहिला आणि पोरीबाळी हसल्या. त्याने बूट काढायचा नाद सोडला आणि तसाच मचाणावर चढला. सरपंचबाई बांधावर उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन.

नळी खाली सोडली. हातोडा वर ओढायला माणसांनी दोर धरला, पण ओढायची वेळच आली नाही. हातोड्याचं नुसतं वजन पडलं आणि नळी आपली आपण खाली जाऊ लागली. गेली, गेली, वर आणखी एक लोखंडी गज जोडला, तोही गेला. कोणी ठोका मारलाच नाही, त्यामुळे मोजायला काही नव्हतं. दोर धरलेल्याने माझ्याकडे पाहिलं. असं झालं की 'एक' लिहायची आमच्याकडे पद्धत, कारण शून्य लिहिलं की वरून विचारणा येते. मी म्हटलं, शून्य लिहा. प्राध्यापक वाकून त्या भोकाकडे पाहत राहिला होता. त्याच्या यंत्राने तिथे पाण्याने भरलेली टाकी उभी केली होती, आणि तिथे लोखंडाची नळीसुद्धा उभी राहत नव्हती.

माझं बरोबर निघालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा जराही आनंद झाला नाही. मी बांधावर गेले. सरपंचबाईंना काही समजावून सांगायची गरज नव्हती, त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"म्हंजे अजून एक उन्हाळा," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

त्या खाडीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "यंत्रानं व्हय सांगितलं, तू नाय सांगतेस. तुजं खरं हाय, ते बगितलं मी. पन उद्या घराघरातून माज्या दारात येतील, पानी कुठं हाय इचारतील. मी कोनाच्या दारात जायाचं? यंत्राला दार नाय. तुजं दार कुठं हाय?"

मी त्यांना माझ्या घराचा पत्ता सांगितला. रोह्याला एसटी स्टँडवरून नदीकडे जाणारा रस्ता, पिठाची गिरणी, तिच्या मागचं कौलारू घर. म्हटलं, माझ्या दारात या. ते मी तापट माणसाच्या तोऱ्यात म्हटलं होतं, पण सांगून झाल्यावर मला त्याची भीती वाटली.

अहवालावर मी सही केली: पाइल घ्यावेत. ती माझी पहिली सही. प्रस्ताव माघारी गेला, सगळं बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. ग्रामसभेत त्यांना लोक काय काय बोलले ते माझ्या कानावर येत होतं. एका बाईने दुसऱ्या बाईचं ऐकलं की असंच होणार, असंही कोणी म्हणालं. मी पेणला बसून रागाने धुमसत होते. धुमसण्याने कोणाच्या घरात पाणी जात नाही.

प्राध्यापक पळून गेला नाही, हे सांगितलं पाहिजे. साहेबांची झापड निघाल्यावर आम्ही तिघं जुने खारातले अहवाल घेऊन बसायचो. साहेब आठवून सांगायचे, हा बांधावरचा, हा पण बांधावरचा, हा रस्त्याच्या भरावावरचा. प्राध्यापकाने पेणच्या बाजूचं सगळं शिकणं यंत्रातून काढून टाकलं. पुढे कधीही नवा आकडा घ्यायच्या आधी ते विचारू लागलं, बोअर नेमका कुठे मारला आणि तो मारताना कोण हजर होतं. खारातलं काम असलं आणि जागेवरचा बोअर नसला तर पडद्यावर यायचं, उत्तर देता येत नाही. त्या एका ओळीवर त्याने फार मेहनत घेतली. त्याच्या कॉलेजातले लोक त्याला हसले म्हणे, की उत्तर न देणारा प्रोग्रॅम हा कसला प्रोग्रॅम. मला तो तेव्हापासून खरा भरवशाचा वाटू लागला. रोह्याकडच्या कामांत मी तो वर्षानुवर्षं वापरला, आणि सही करायच्या आधी प्रत्येक वेळी स्वतः जागेवर जाऊन उभी राहिले. माझ्या चपला त्यात किती गेल्या, ते आईला माहीत होतं.

टाकी पुढे झाली. पाइलवर झाली आणि आजही सरळ उभी आहे. एसटीतून जाताना खाराच्या सपाटीवर ती लांबून दिसते. मी दर वेळी खिडकीतून पाहते, पण टाकी पाहून मला तिचा पहिला दिवस आठवत नाही. नारळ फुटला, हार घातले, त्यातलं फारसं काही लक्षात राहिलं नाही. लक्षात आहे तो तिच्या आधीचा उन्हाळा.

मे महिन्यात, रविवारची दुपार होती. मी ओटीवर केस वाळवत बसले होते. फाटकाची कडी वाजली आणि पाहते तर सरपंचबाई. पेणहून एसटीने आल्या होत्या, उन्हाने तोंड काळवंडलेलं, हातात तोच पिवळा कॅन. माझा जीव उडाला. मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते मनात जुळवू लागले: मंजुरी कुठे अडली आहे, मी कोणाला पत्र लिहिलं आहे, अजून किती थांबावं लागेल.

त्या पायरीवर बसल्या. आईने तांब्याभर पाणी आणून दिलं. त्या ते सावकाश, एक थेंबही न सांडता प्यायल्या आणि त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग घराकडे पाहिलं, कौलांकडे, दाराच्या चौकटीकडे, माझ्याकडे.

"भांडायला नाय आले गो," त्या म्हणाल्या. "दार खरंच हाय का, ते बगायला आले."

मी त्यांच्या हातातला कॅन घेतला, आत गेले आणि नळाखाली धरला.